सत्त्याण्णव गुणांचा तंबोरा

"मग राहिलेले तीन कुठं गेले?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"दोन पॉलिशचे कापले," भूपाल म्हणाला. "एक मण्याचा. चौथ्या तारेचा मणी मूळचा नाही, नंतर बदललाय."

"म्हणजे शंभरात सत्त्याण्णव."

"हो."

"दर्जा?"

"नव्यासारखा."

चाचांनी चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"आणि इथं?"

"तिथं काही नाही, चाचा. दोषच नाही तर लिहू काय?"

चाचांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले.

…

हा मिरजेतला कारखाना. मी तिथं तारांची वेटोळी करायला आणि पॉलिशचा बोळा फिरवायला जात असे. दाराशी माझी जागा. त्यामुळं ऐकलं ते सगळं ऐकलं, आणि जे ऐकलं नाही ते इथं लिहीत नाही.

कारखान्यात नवी वाद्यं होत आणि जुनीही विकायला येत. तंबोरे, सतारी, कधी एखादी पेटी. विकायला ठेवलेल्या प्रत्येक वाद्याच्या खुंटीला चिठ्ठी बांधलेली असे. पुढं दर्जा. कोरं, नव्यासारखं, वापरातलं किंवा जोडाचं, म्हणजे फुटून सांधलेलं, या चारांतला एक. मागं दोष. खाली ज्यानं तपासलं त्याची सही.

चाचा स्वतः केलेल्या नव्या तंबोऱ्याच्या मागंही दोष लिहीत. "कोरा. तिसऱ्या खुंटीचं भोक पाडताना हात हलला." लोक हसत आणि तोच घेऊन जात. एका मंडळाची पेटी आली होती तिच्या मागं त्यांनी एकच शब्द लिहिला होता. उंदीर.

आणखी एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की तारा सैल ठेवायच्या. आधी चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. दोष ऐकून झाला की मगच तारा चढवायच्या आणि वाद्य वाजवून दाखवायचं. एकदा सूर कानात गेला की माणसाला दोष सांगून उपयोग नसतो, तो मान डोलवतो आणि घरी गेल्यावर रडतो, असं चाचांचं म्हणणं.

भूपाल मगदूम त्यांचा शागीर्द. जयसिंगपूरकडचा. अकरा वर्षं झाली होती. हुशार होता, हे आधीच सांगते. मूर्खाची गोष्ट सांगायला मी बसलेली नाही. मोबाइलवर सूर मोजायचा, बॅटरी लावून सांधे बघायचा, आणि चाळीस कलमांचा एक तक्ता त्यानं केला होता. प्रत्येक कलमाला गुण. चाचांच्या चार दर्जांना तो मनातून हसत असे. मनातून म्हणजे कधी कधी तोंडावरही.

आजवर सही मात्र चाचांचीच चालत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा चाचा म्हणाले होते, "आजची चिठ्ठी तू लिही. सहीपण तुझी. जमलं तर यापुढं सगळ्या तूच कर."

त्यासाठी तो अकरा वर्षं थांबला होता.

आणि तंबोरा होता प्रमिलाबाई बेडग्यांचा.

…

प्रमिलाबाई अथणीच्या. चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं. गुडघे गेले, खाली बसवेना, म्हणून दसऱ्याच्या आधी तंबोरा इथं आणून दिला. जाताना खोळ स्वतःच्या हातानं घातली आणि भूपालला म्हणाल्या, "हा एकदासुद्धा जमिनीला लागलेला नाही हो. गाणारीच्या घरी द्या. दिवाणखान्यात उभा करणारीला देऊ नका."

भूपाल तेव्हा "हो बाई" म्हणाला होता.

गाणारी मिळाली ती मीनाक्षी हुल्याळकर. जतची. पस्तिशीची असेल. बिकानेरला मुलींच्या कॉलेजात गायन शिकवायची नोकरी लागली होती. वर्षभर तंबोरा शोधत होती, अथणीला जाऊन प्रमिलाबाईंना भेटूनही आली होती. सोळा तारखेची गाडी होती आणि हे आमचं बोलणं चाललं होतं त्या दिवशी फेब्रुवारीची बारा तारीख.

ती आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "हाच का तो?"

"हाच," भूपाल म्हणाला. "सत्त्याण्णव गुण पडलेत, ताई."

"गुणांचं मला सांगू नका. मी मास्तरीण आहे, गुण कसे पडतात मला माहीत आहे."

चाचा हसले. भूपाल हसला नाही.

त्यानं खोळ काढली. तंबोरा खरंच देखणा होता. भोपळा असा की हात फिरवावा. मीनाक्षीनं फिरवलाही. तिच्याकडं बघून कुणालाही कळलं असतं, हिनं घेतला.

भूपालनं लगेच खुंटी पिळायला घेतली.

"थांब," चाचा म्हणाले.

"ऐकवतो, चाचा. ताईंना बसनं परत जायचंय."

"चिठ्ठी वाच."

"वाचण्यासारखं आहे काय त्यात? नव्यासारखा. दोष नाही. झालं वाचून."

"मागची बाजू वाच."

"मागं कोरी आहे."

"मग सही कर."

चिठ्ठीवर सही नव्हती. भूपालच्या खिशात पेन होतं. चाळीस कलमं त्यानं त्याच पेनानं भरली होती. त्यानं ते काढलं, टोपण उघडलं… आणि खुंटीकडं हात नेला.

"आधी सूर तरी लावतो," तो म्हणाला.

चाचांनी हात पुढं करून खुंटी धरली. म्हाताऱ्याच्या हातात अजून ताकद होती. खुंटी हलली नाही.

…

"ठोकून बघितलास?" चाचांनी विचारलं.

"बघितला."

"किती जागी?"

"सगळीकडं. गोल फिरून."

"काय बोलला?"

"सारखाच बोलला. कुठंही बद्द आवाज नाही." भूपालनं तंबोरा मीनाक्षीकडं सरकवला. "तुम्ही बघा, ताई. बोटाच्या पेरानं ठोका. फुटका असला तर मडक्यासारखा वाजेल."

मीनाक्षीनं ठोकलं. वरून, खालून, कडेनं. कान लावला. पुन्हा ठोकलं.

"मला तर ठीक वाटतंय," ती म्हणाली.

"मलाही ठीकच वाटतंय," चाचा म्हणाले.

भूपालचे खांदे खाली आले.

"पण जोड आहे याला," चाचा म्हणाले.

…

पॉलिशचा बोळा माझ्या हातात तसाच राहिला.

"कुठं?" मीनाक्षीनं विचारलं.

"ते सापडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शोधला. दिवाळीपासून शोधतोय. रोज सकाळी हा यायच्या आधी अर्धा तास घेऊन बसतो. नख फिरवलं. ओला फडका फिरवला. उन्हात धरला. सापडत नाही."

"मग नाहीच," भूपाल म्हणाला. आवाज जरा चढला होता. "सापडत नाही म्हणजे नाही. चाचा, तुम्हीच शिकवलंत, हाताला लागेल तेच लिहायचं."

"शिकवलं खरं."

"मग?"

"मग आता तसं वाटत नाही."

भूपाल मीनाक्षीकडं वळला. "ताई, चाचांचं वय झालंय. मागच्या महिन्यात सतारीची घोडी उलटी बसवली होती. शेवंताबाई, सांगा की."

मला मध्ये ओढलेलं मला आवडलं नाही. "बसवली होती," मी म्हणाले. "आणि त्यांचं त्यांनीच ओळखून काढली होती. पुढचं बोल."

मीनाक्षी आता चिडली होती. आणि तिचं बरोबर होतं. "अहो, तुम्ही दोघं काय ते एक ठरवा. मी वाळवंटात घेऊन चालले आहे हा. तिथं हिवाळ्यात ओठ फुटतात, उन्हाळ्यात दारं तडकतात. जोड असेल तर तिथं उकलेल. नसेल तर नाही. मला एवढंच सांगा, आहे की नाही?"

"नाही," भूपाल म्हणाला.

"आहे," चाचा म्हणाले.

"सापडत नाही तरी आहे म्हणता. कशावरून?" मीनाक्षीनं विचारलं.

चाचांनी खिडकीकडं बोट केलं.

"ती भूपालची जागा. अकरा वर्षं तिथंच बसायचा. उजेड चांगला म्हणून दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. इथल्या इम्तियाज कारागिराशी एकदा भांडला होता त्यावरून."

"बरं?"

"दिवाळीनंतर तो भिंतीशी बसतो. अंधारात. खिडकीत बसलं की समोर हा तंबोरा येतो. भिंतीशी बसलं की याच्याकडं पाठ होते."

"खिडकीत ऊन येतं," भूपाल म्हणाला.

चाचांनी त्याच्याकडं बघितलं. "थंडीत?"

…

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होईना.

मला वाटलं, आता भूपाल बोलेल. माणूस चुकतो तेव्हा पडत नाही, पण चूक झाकायला घेतली की त्याला खाली बसायलाही जागा राहत नाही, तसं त्याचं झालं होतं. उभाच होता. हातात उघडं पेन.

"कुठं बसायचं हा माझा प्रश्न आहे," शेवटी तो म्हणाला. "माणसाच्या बसण्यावरून वाद्याला दर्जा देत नाहीत, चाचा. बाजारात कुणाला सांगा, हसतील."

"हसतील," चाचा म्हणाले. "पेन दे."

"कशाला?"

"सही तू करत नाहीस. मग मलाच करावी लागेल."

भूपालनं पेन दिलं. चाचांनी चिठ्ठी उलटी करून मांडीवर धरली. त्यांचं अक्षर मोठं होतं. एकेक अक्षर थांबून काढत. ते लिहीपर्यंत स्कूटर चालू झाली आणि निघूनही गेली.

लिहून झालं तशी चिठ्ठी त्यांनी मीनाक्षीला दिली.

"वाचा मोठ्यानं. रीत आहे इथली."

तिनं वाचलं. "जोड आहे. मला सापडला नाही. दस्तगीर."

…

आता हे नीट समजून घ्या. सांगलीपासून धारवाडपर्यंत लोक जुनं वाद्य घेताना विचारायचे, दस्तगीरची चिठ्ठी आहे का? असली तर डोळे मिटून घ्यायचे. त्या माणसानं आयुष्यात हजारो चिठ्ठ्या लिहिल्या. वाळवी सापडली, तडा सापडला, बदललेली तबली सापडली. सापडला नाही असं त्यानं कधीच लिहिलं नव्हतं. आणि आता ती चिठ्ठी बिकानेरला जाणार होती, चार गाणाऱ्यांच्या हातात पडणार होती.

भूपालला हे माझ्याहून जास्त कळत होतं. त्याचा चेहरा मी बघितला.

"हे नका लिहू," तो म्हणाला.

"का?"

"लोक म्हणतील, चाचाची बोटं गेली."

"म्हणू देत. गेली असतील."

"नाही गेली."

"तुला काय माहीत?" चाचांनी विचारलं. रागानं नाही, सरळच. "सापडला नाही तो मला. तू तर म्हणतोस जोडच नाही. मग माझी बोटं गेलीच की."

चाचांनी चिठ्ठीचा दोरा खुंटीला गुंडाळायला घेतला. एक वेढा. दुसरा वेढा. गाठ मारण्याआधी ते थांबले नाहीत, भूपालकडं बघितलंही नाही. मुद्दाम थांबले असते तर तो कदाचित बोलला नसता. चिडला असता, निघून गेला असता. पण ते आपलं काम करत होते.

गाठ बसली.

भूपाल माझ्याकडं आला. माझ्यापुढच्या डब्यात भोपळ्यावर आखायचा खडू असे. तो त्यानं उचलला. परत जाऊन तंबोऱ्यापुढं गुडघ्यांवर बसला, तंबोरा हलकेच कुशीवर घेतला, आणि भोपळ्याच्या मागच्या अंगाला, दांडी जिथं बसते तिच्या खाली, एक रेघ ओढली.

वाकडी रेघ. चार बोटं लांब. शेवटाला जरा फाटा फुटलेली.

"इथं," तो म्हणाला.

…

मग जे झालं ते त्यानं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीची साफसफाई चालू होती. चाचा बाहेर गेले होते. दोन तंबोरे दोन हातांत घेऊन तो माळ्यावरून उतरत होता. एका हातात एकच घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं भोपळ्याला आधार द्यायचा, हे इथं पहिल्या दिवशी शिकवतात. "मला वाटलं, मला काय गरज," तो म्हणाला. शेवटच्या पायरीला प्रमिलाबाईंचा तंबोरा टेकला. टेकलाच फक्त. पण तडकन आवाज आला.

दिवाळीत कारखाना तीन दिवस बंद होता. किल्ली त्याच्याकडं होती. त्यानं तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, उकलली, आतून सरस लावून मलमलची पट्टी बसवली, बाहेरून लाखेनं चीर भरली, रंग लावला, तबली परत चढवली, कडेची नक्षी होती तशी बसवली. तीन दिवस घरी जेवायलासुद्धा गेला नाही. आईला सांगितलं, मोठी ऑर्डर आहे.

"पॉलिशचे दोन गुण मीच कापले," तो म्हणाला. "पूर्ण दिले असते तर संशय आला असता."

मीनाक्षीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसल्यासारखा होता, पण हसू नव्हतं.

"आणि हा मला देणार होता तुम्ही," ती म्हणाली. "जमिनीला लागलेला नाही म्हणून."

"हो."

"तिथं उकलला असता तर मला वाटलं असतं, माझ्या हातून फुटला. प्रमिलाबाईंना तोंड दाखवलं नसतं मी."

"हो."

"नुसतं हो काय म्हणताय?"

"दुसरं काय म्हणू, ताई?"

तिला पुढं बोलायचं होतं. तिनं आधी श्वास घेतला. चांगल्या गाणाऱ्या बायकांना तो घेता येतो.

चाचा यातलं काही ऐकत आहेत असं वाटत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला होता आणि तंबोऱ्यावर वाकले होते. खडूच्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा. मग रेघेचा थोडा भाग थुंकी लावून पुसला आणि उघड्या जागेवर नख फिरवलं.

"टिकेल का हा?" मीनाक्षीनं भूपालला विचारलं.

"इथं टिकेल."

"बिकानेरला?"

भूपालनं तोंड उघडलं. त्याच्याकडं चाळीस कलमं होती. त्यातल्या एकातही याचं उत्तर नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मीनाक्षी त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली, चांगली मांडी घालून. बराच वेळ तंबोऱ्याकडं बघितलं.

"तुमच्या माळ्यावर पत्रा आहे ना?" तिनं मला विचारलं.

"आहे. मे महिन्यात वर जाता येत नाही. पापड भाजतील."

"मग वर ठेवा. तारा पुऱ्या चढवून, ओढ राहील अशा. उन्हाळाभर. खाली आणायचा नाही. जूनमध्ये मला सुट्टी आहे, मी येते. धरला असेल तर नेईन. उकलला असेल तर…" तिनं हात झटकले. "तर दुसरा बघू."

"तोवर काय लावून गाणार, ताई?" मी विचारलं.

"मोबाइल. त्यातला तंबोरा कधी फुटत नाही, आणि त्याच्यावर गाणं कधी चढत नाही. चार महिने काढीन." मग भूपालला म्हणाली, "आणि माळ्यावर तुम्ही न्यायचा. दोन्ही हातांनी."

"हो, ताई."

"अथणीला कोण सांगणार?"

याचं उत्तर मात्र त्याच्याकडं होतं.

"मी जातो," तो म्हणाला. "दुपारच्या एसटीनं."

"त्या रडतील."

"माहीत आहे."

"मी जाऊन सांगितलं तर कमी रडतील."

"तरी मीच जातो."

ती उठली. चपला घातल्या. दारातून माझ्याकडं बघून मान हलवली आणि गेली. चहा सांगायचा राहूनच गेला.

…

भूपालनं खुंटीची चिठ्ठी धरली. चाचांच्या ओळीवर पेनाचं टोक ठेवलं.

"खोडू नको," चाचा मान वर न करता म्हणाले.

"आता जागा माहीत झाली, चाचा."

"तू दाखवलीस म्हणून झाली. मला सापडली नव्हतीच. राहू दे ते."

मग त्यानं खाली लिहिलं. मी नंतर वाचलं ते. "दांडीखाली चार बोटं. माझ्या हातून फुटला. मीच जोडला. भूपाल मगदूम." पुढच्या बाजूचं नव्यासारखा खोडून जोडाचा असं केलं. गुणांचा तक्ता घडी करून खिशात घातला.

कारखान्यात पहिली सही त्यानं ही केली.

नंतर अंगावरचा कामाचा शर्ट काढून खिळ्याला लावला. आपली कानस, पटाशी, छोटा हातोडा फडक्यात बांधला. कमरेची किल्ली काढून चाचांपुढं ठेवली. मी मध्ये बोलणार होते. अकरा वर्षं म्हणजे काही अकरा दिवस नव्हेत. पण मी बोळा उचलला आणि पॉलिशला लागले, ते बरं झालं.

"येतो, चाचा," तो म्हणाला. "बाईंना सांगतो आणि तिकडूनच घरी जातो. तुमची चिठ्ठी माझ्यामुळं…"

चाचांनी किल्लीला हात लावला नाही. ते अजून भोपळ्यावरच वाकलेले. नख त्याच जागेवर, खडू पुसलेल्या. पुढं जायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं.

"अथणीहून परत यायला शेवटची गाडी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सातला आहे एक."

"चुकवू नको."

"का?"

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडं बघितलं.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले. "हा जोड कसा घातलास, मला शिकव."